घरून कार्यालयाच्या फाईलपर्यंत

कार्यालयातील फाईल घरच्या संगणकावर उघडायची तर चार गोष्टी जुळाव्या लागतात. कार्यालयाच्या जाळ्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे, आपली ओळख पटली पाहिजे, फाईल ज्या सर्व्हरवर आहे तो सापडला पाहिजे आणि ती फाईल उघडण्याची परवानगी असली पाहिजे. व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, म्हणजेच व्हीपीएन, यातली पहिली गोष्ट पूर्ण करते आणि दुसरीला हातभार लावते. उरलेल्या दोन गोष्टी सर्व्हरची मांडणी आणि फोल्डरच्या परवानग्या यांवर ठरतात. ‘व्हीपीएन जोडले गेले, पण फाईल उघडत नाही’ ही तक्रार म्हणूनच इतकी नेहमीची आहे. रस्ता तयार असतो, पण पुढचे काम अडलेले असते.

उदाहरणादाखल गोंदिया तालुक्यातील कामठा घ्या. हे गाव एके काळी जमीनदारीचे ठाणे होते. बिरसी विमानतळ गावाच्या जवळच आहे. येथील संगणकावर काम करणाऱ्याची नोकरी मात्र बहुधा गोंदिया, नागपूर, पुणे किंवा हैदराबाद येथे असते. अशा गावातून कार्यालयाची फाईल उघडताना अंतर, मोबाईलची रेंज आणि वीज या तिन्हींचा हिशेब करावा लागतो. शहरात न जाणवणारे व्हीपीएनचे काही गुणधर्म इथे रोजच्या कामात समोर येतात.

फाईल बाहेरून का दिसत नाही

इंटरनेटच्या जुन्या आणि अजूनही रुळलेल्या पत्तापद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. प्रत्येक संगणक, फोन आणि प्रिंटर यांना स्वतंत्र पत्ता द्यायला ते पुरत नाहीत. ही टंचाई ओळखून फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. कोणत्याही कार्यालयाने किंवा घराने ते आपल्या आत खुशाल वापरावेत. इंटरनेटवरील राऊटर ते पुढे नेत नाहीत.

नागपूरच्या एखाद्या कार्यालयातील फाईल सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० असेल, तर त्याच वेळी तोच पत्ता इतर असंख्य ठिकाणीही वापरात असतो. कामठ्यातून तो पत्ता टाकला तर मागणी घरच्याच राऊटरपाशी संपते. कार्यालयाचा राऊटर आतल्या सगळ्या संगणकांच्या वतीने एका सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर बोलतो. आतून गेलेल्या मागणीचे उत्तर तो ज्याचे त्याला पोहोचवतो. बाहेरून आपणहून आलेली मागणी कोणाकडे द्यायची हे त्याला ठाऊक नसते, म्हणून ती तो टाकून देतो.

यावर एक धोकादायक पळवाट काढली जाते. राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे आत येण्याचे क्रमांकित दार, उघडून बाहेरची मागणी थेट सर्व्हरकडे वळवायची, अशी ती पळवाट. विंडोजचे फाईल शेअरिंग एसएमबी या प्रोटोकॉलने पोर्ट ४४५ वर चालते, तर रिमोट डेस्कटॉप पोर्ट ३३८९ वर. असे उघडे पोर्ट हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेतला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फाईली कुलूपबंद केल्या. मायक्रोसॉफ्टने दोष दुरुस्त करणारे अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते, पण असंख्य संगणकांवर ते बसवलेले नव्हते. पोर्ट ४४५ इंटरनेटला कधीही उघडू नये, हा नियम तेव्हापासून अधिकच कडक झाला.

भाड्याच्या लाइनपासून टनेलपर्यंत

इंटरनेट येण्यापूर्वी दोन ठिकाणचे संगणक जोडण्यासाठी दूरसंचार खात्याकडून लीज्ड लाइन भाड्याने घ्यावी लागे. ती बँका, रेल्वे आणि मोठे कारखाने यांनाच परवडे. एकट्या माणसासाठी दुसरा मार्ग होता तो मोडेमचा. कार्यालयातल्या मोडेमला फोन लावून जोडणी करायची आणि लाइन चालू असेपर्यंत एसटीडीचे बिल मोजायचे. पुढे या मोडेमची कमाल गती सेकंदाला ५६ किलोबिट झाली. त्या गतीने एक मेगाबाइटची फाईल यायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. एसटीडी न लावता, जवळच्या केंद्रातून सार्वजनिक जाळ्यात शिरून, दूरच्या कार्यालयापर्यंत जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. सार्वजनिक जाळ्यात मात्र मजकूर कोणाच्याही यंत्रातून जाऊ शकतो. तो वाचता येऊ नये आणि वाटेत बदलता येऊ नये, यासाठीच्या पद्धती त्याच दशकात आकाराला आल्या.

आयपीसेक या प्रोटोकॉलसंचाचे पहिले दस्तऐवज १९९५ चे. मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांचा पीपीटीपी १९९९ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाला. विंडोजमध्ये आयता मिळत असल्याने तो झपाट्याने पसरला, पण त्यातील ओळख पटवण्याच्या पद्धतीचे दोष १९९८ पासूनच दाखवले जात होते आणि २०१२ मध्ये ती पूर्णपणे फोडता येते हे सिद्ध झाले. आज पीपीटीपी वापरू नये. २००१ मध्ये जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केले. प्रवासात, भरवसा नसलेल्या जाळ्यांमधून कार्यालयाशी जोडून घेण्याची त्यांची स्वतःची गरज त्यामागे होती. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड हे अवघ्या सुमारे चार हजार ओळींचे सॉफ्टवेअर २९ मार्च २०२० रोजी लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत सामील झाले. भारतात देशव्यापी टाळेबंदी लागू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते, आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे लाखो कर्मचारी घरी, त्यातले कित्येक आपापल्या गावी, लॅपटॉप उघडून बसले होते.

जोडणी होताना काय घडते

व्हीपीएनला दोन टोके असतात. घरच्या संगणकावरील प्रोग्रामला क्लायंट म्हणतात आणि कार्यालयाच्या सीमेवरील यंत्राला गेटवे. गेटवेला सार्वजनिक पत्ता असतो आणि बाहेरून येणाऱ्या मागणीसाठी त्याचे फक्त व्हीपीएनचे दार उघडे असते. ‘कनेक्ट’ दाबल्यावर काही सेकंदांत पुढील गोष्टी क्रमाने घडतात.

आधी क्लायंट गेटवेची ओळख तपासतो. गेटवे डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो आणि ते खरे असेल तरच गोष्ट पुढे सरकते. येथे संगणकाने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर ‘तरीही पुढे जा’ दाबणे म्हणजे पासवर्ड अनोळखी हाती देण्याची जोखीम पत्करणे होय. नंतर दोन्ही टोके मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात. ही किल्ली जाळ्यावरून पाठवली जात नाही. दोघे आपापल्या गुप्त संख्येवरून केलेली आकडेमोड एकमेकांना कळवतात आणि त्यावरून एकच उत्तर दोन्हीकडे निघते. वाटेत ऐकणाऱ्याला ते काढता येत नाही. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ही रीत उभी आहे.

मग वापरकर्त्याची ओळख तपासली जाते. त्यासाठी पासवर्ड लागतो आणि त्याच्या जोडीला फोनवरचा ओटीपी, अॅपमधील मंजुरी किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते. ओळख पटली की गेटवे घरच्या संगणकाला कार्यालयाच्या जाळ्यातला एक खासगी पत्ता देतो, कोणत्या पत्त्यांची वाहतूक टनेलमधून, म्हणजे दोन टोकांमधल्या या बंदिस्त वाटेतून, न्यायची हे सांगतो आणि कार्यालयातील संगणकांची नावे शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता कळवतो.

यापुढे फाईल सर्व्हरला उद्देशून निघालेले प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, लखोट्यात लखोटा घातल्यासारखे जाते. आतल्या लखोट्यावर सर्व्हरचा खासगी पत्ता असतो आणि तो सांकेतिक लिपीत बंद असतो. बाहेरच्या लखोट्यावर फक्त गेटवेचा सार्वजनिक पत्ता दिसतो. मोबाईल कंपनीला एवढेच कळते की हा ग्राहक अमुक पत्त्याशी बोलतो आहे आणि इतका डेटा गेला. कोणती फाईल आणि त्यात काय, हे तिला दिसत नाही. गेटवेपाशी बाहेरचा लखोटा फोडला जातो आणि आतले पॅकेट कार्यालयातल्याच एखाद्या टेबलावरून आल्यासारखे सर्व्हरकडे जाते. याचा अर्थ असाही की टनेलचे संरक्षण गेटवेपाशी संपते. तिथून सर्व्हरपर्यंतची काळजी कार्यालयाने वेगळी घ्यायची असते.

फाईल घरी येते की तिचे चित्र येते

टनेल तयार झाल्यावर फाईलवर काम करण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत शेअर्ड ड्राइव्हची. सर्व्हरवरील फोल्डर घरच्या संगणकावर ‘झेड’ अशा अक्षराच्या ड्राइव्हसारखे दिसते. डबल क्लिक केले की फाईलचा मजकूर टनेलमधून घरी येतो, घरच्या संगणकाच्या मेमरीत उघडतो आणि सेव्ह केल्यावर पुन्हा कार्यालयात जातो. वर्डचे पत्र किंवा एक्सेलचा साधा तक्ता यांना ही रीत सोयीची आहे.

दुसरी रीत रिमोट डेस्कटॉपची. येथे फाईल जागची हलत नाही. कार्यालयातील संगणकच ती उघडतो आणि घरी फक्त त्याच्या पडद्याचे चित्र येते. घरून कार्यालयाकडे जातात ती केवळ कळा दाबल्याची आणि माऊस हलल्याची नोंद. फाईल पाचशे मेगाबाइटची असली, तरी ती लाइनवरून जात नाही.

तिसरी रीत प्रतीची. फाईल घरी उतरवून घ्यायची, जोडणी बंद करून काम करायचे आणि पुन्हा जोडून बदललेली प्रत परत ठेवायची. विंडोजमधील ‘ऑफलाइन फाइल्स’ किंवा सिंक करणारी सॉफ्टवेअरे हेच आपोआप करतात. लाइन सतत टिकत नसेल तेव्हा ही रीत कामी येते. मात्र दोघांनी एकाच फाईलच्या दोन प्रती बदलल्या, तर कोणती खरी हा प्रश्न उभा राहतो, आणि घरच्या लॅपटॉपवर राहिलेली प्रत त्या लॅपटॉपइतकीच सुरक्षित असते.

निवड फाईलच्या स्वभावावरून करावी. सलग वाचून एकदाच सेव्ह होणाऱ्या फाईलला शेअर्ड ड्राइव्ह चालतो. हिशेबाचा किंवा साठ्याचा डेटा वेगळा असतो. त्यातली सॉफ्टवेअरे एका नोंदीसाठी अनेक फाईलींचे लहान लहान तुकडे पुन्हा पुन्हा वाचतात आणि लिहितात. असे काम टनेलवरून चालवले तर ते रखडते, आणि लिहिणे अर्ध्यात असताना लाइन तुटली तर डेटा बिघडू शकतो. तेथे रिमोट डेस्कटॉपच योग्य. लाइन तुटली तरी कार्यालयातील संगणकावरचे काम जिथल्या तिथे उघडे राहते.

अंतर, लाइन आणि वीज

जोडणीचा ‘वेग’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एका सेकंदात किती डेटा जातो ही त्यातली एक, आणि एक मागणी जाऊन तिचे उत्तर यायला किती वेळ लागतो ही दुसरी. इंटरनेट कंपन्यांच्या जाहिरातीत पहिलीच असते. शेअर्ड ड्राइव्हला मात्र दुसरीच अधिक जाचते.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कामठा ते पुणे हे अंतर आठशे किलोमीटरच्या घरात धरले, तर जाऊन यायला किमान आठ मिलिसेकंद लागतील. प्रत्यक्षात फायबर सरळ रेषेत नसते, वाटेत राऊटर असतात आणि मोबाईल जाळ्यात टॉवरपासून कंपनीच्या मुख्य केंद्रापर्यंतचा फेराही पडतो. तेव्हा ५०-६० मिलिसेकंद लागणे नवलाचे नाही. एसएमबी हा बोलघेवडा प्रोटोकॉल आहे. फोल्डरमध्ये काय आहे, प्रत्येक फाईल केवढी, कधी बदलली, उघडायला परवानगी आहे का, असे तो विचारत राहतो. एखादे मोठे फोल्डर उघडताना दोनशे फेऱ्या होत असतील, तर कार्यालयात एका मिलिसेकंदाच्या हिशेबाने पाव सेकंदही लागत नाही. तेच काम ६० मिलिसेकंदांवर १२ सेकंद खाते. डेटाची गती दुप्पट करणारा महागडा प्लॅन घेतला, तरी हे बारा सेकंद जवळपास तेवढेच राहतात. फेऱ्या कमी करणे हाच उपाय. एका फोल्डरमध्ये हजारो फाईली साठवू नयेत, लघुचित्रे दाखवण्याची सोय बंद ठेवावी आणि कामाच्या फाईलचा थेट शॉर्टकट करावा.

डेटाच्या गतीचा हिशेब सरळ आहे. पन्नास मेगाबाइट म्हणजे चारशे मेगाबिट. घरची अपलोड गती सेकंदाला पाच मेगाबिट असेल, तर ती फाईल परत पाठवायला किमान ८० सेकंद लागतात. फाईल घरी येते तेव्हा कार्यालयाची अपलोड गती कामी येत असते, हेही विसरले जाते. लहान कार्यालयाची लाइन बेताची असेल, तर घरी कितीही वेगवान फायबर असून उपयोग होत नाही.

गावापर्यंत लाइन येण्याचे मार्ग अनेक आहेत. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. खासगी आणि बीएसएनएलच्या फायबर जोडण्या आहेत, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर स्वस्त झालेला मोबाईल डेटा तर घरोघरी आहे. एका लाइनवर विसंबण्यापेक्षा घरचे फायबर आणि वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट अशी जोडी अधिक भरवशाची ठरते. लाइन बदलताना घरचा सार्वजनिक पत्ता बदलतो. वायरगार्ड हा बदल सहज पेलते, आयकेईव्ही२ वर चालणाऱ्या आयपीसेकमध्येही त्यासाठी २००६ पासून सोय आहे. इतर ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागू शकते.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राऊटर आणि भिंतीवरचे फायबरचे यंत्र बंद पडते आणि टनेल तुटते. या दोन यंत्रांना फार थोडी वीज लागते. त्यांच्यापुरता छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो आणि तेवढ्याने वीज गेल्यावरही जोडणी टिकून राहते. कार्यालयाच्या टोकालाही हाच नियम आहे. रिमोट डेस्कटॉपने ज्या संगणकावर जायचे तो चालू हवा, झोपी जाण्याची सेटिंग बंद हवी आणि वीज परतल्यावर तो आपोआप सुरू होईल असे त्याच्या बायोसमध्ये ठरवलेले हवे.

नेहमीच्या अडचणींची कारणे

व्हीपीएन जोडलेले दिसते, पण सर्व्हर सापडत नाही. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पत्त्यांची टक्कर. घरचा राऊटरही १९२.१६८.१ हाच गट वापरत असेल, तर १९२.१६८.१.१० हा सर्व्हर घरातच असावा असे संगणक समजतो आणि मागणी टनेलकडे पाठवतच नाही. घरच्या राऊटरचा गट बदलून १९२.१६८.७७ असा काही ठेवला की प्रश्न मिटतो. कार्यालयाने सुरुवातीलाच १० च्या गटातील एखादा आडवळणाचा तुकडा निवडणे हा त्याहून चांगला उपाय.

पत्ता टाकला तर सर्व्हर उघडतो, नाव टाकले तर नाही. अशा वेळी दोष डीएनएसमध्ये असतो. घरचा संगणक कार्यालयातील नाव बाहेरच्या डीएनएसला विचारतो आणि त्याला ते माहीत नसते.

लॉगिन होते, लहान फाईली उघडतात, पण मोठी फाईल अर्ध्यात अडकते. हे पॅकेटच्या आकारामुळे होऊ शकते. साधारण जाळ्यात एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट असते. बाहेरच्या लखोट्याला जागा लागते, म्हणून आतले पॅकेट लहान ठेवावे लागते. वायरगार्डमध्ये ही मर्यादा सहसा १४२० असते. वाटेतल्या एखाद्या जाळ्याची मर्यादा आणखी कमी असेल, तर मोठी पॅकेटे गुपचूप गळतात. मर्यादा १३०० च्या आसपास आणून पाहिली की निदान होते.

घरच्या फायबरवर जोडणी होते आणि हॉटस्पॉटवर होत नाही, किंवा याच्या उलट, तेव्हा पोर्ट तपासावे. आयपीसेकला यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्ट लागतात आणि काही जाळ्यांत ती अडवलेली असतात. टीसीपी ४४३ वर चालणारे व्हीपीएन बहुतेक ठिकाणाहून जाते, कारण साध्या सुरक्षित वेबसाइटही तेच पोर्ट वापरतात.

लाइन तुटून पुन्हा जोडल्यावर ‘ही फाईल दुसरा वापरकर्ता वापरत आहे’ असा निरोप येतो आणि तो दुसरा वापरकर्ता म्हणजे आपणच असतो. आधीची जोडणी संपल्याचे सर्व्हरला अजून कळलेले नसते. काही मिनिटे थांबले की कुलूप आपोआप सुटते. न सुटल्यास सर्व्हरवरील उघड्या फाईलींच्या यादीतून ते मोकळे करता येते.

व्हीपीएन जोडले की त्या संगणकावरचे सगळे इंटरनेट मंद होते, हीही एक तक्रार. पूर्ण टनेलमध्ये व्हिडिओपासून अपडेटपर्यंत त्या संगणकाची सगळी वाहतूक कार्यालयामार्गे जाते. स्प्लिट टनेलमध्ये फक्त कार्यालयाचे पत्ते टनेलमधून जातात. लाइनवरचा ताण त्यामुळे कमी होतो, पण तोच लॅपटॉप एकाच वेळी कार्यालयाच्या जाळ्यात आणि उघड्या इंटरनेटवर असतो. बँका आणि सरकारी कार्यालये म्हणून पूर्ण टनेलचा आग्रह धरतात.

लहान कार्यालयासाठी मांडणी

गोंदियाची ओळख तांदळाची. राइस मिलच्या हिशेबाचा संगणक बहुधा मिलच्या कार्यालयातच असतो, त्यावर टॅलीसारखे सॉफ्टवेअर चालते आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेपर्यंत जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात. अशा वेळी हिशेबनीसाला रात्री घरून डेटा लागतो. मोठ्या कंपनीसारखा गेटवे आणि आयटी विभाग येथे नसतो.

येथे पहिली अडचण सार्वजनिक पत्त्याची. मोबाईल आणि अनेक फायबर कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा खास गट राखून ठेवला गेला. घर अशा लाइनवर असले तरी बिघडत नाही, कारण घरून मागणी बाहेर जाते. कार्यालय अशा लाइनवर असेल, तर मात्र त्याला बाहेरून हाक मारता येत नाही. कंपनीकडून महिन्याच्या जादा शुल्कावर स्टॅटिक आयपी घेणे हा एक उपाय. टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारख्या सेवा हा दुसरा. त्यांत दोन्ही संगणक आपणहून बाहेरच्या समन्वयक सर्व्हरशी बोलतात आणि त्याच्या मदतीने एकमेकांशी टनेल जोडतात. त्यामुळे राऊटरमध्ये कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही.

पहिला उपाय घेतला तर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन चालवणारा साधा राऊटर पुरतो. प्रत्येक माणसाला स्वतंत्र किल्ली द्यावी, सगळ्यांसाठी एक समाईक पासवर्ड ठेवू नये. टॅलीचा डेटा शेअर्ड ड्राइव्हवरून न उघडता टनेलमधून रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकावर जावे. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉप स्वीकारण्याची सोय नसते, त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. आणि डेटाचा रोजचा बॅकअप त्या संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर न ठेवता वेगळा ठेवावा, म्हणजे खंडणीखोर व्हायरस आलाच तर तो बॅकअपपर्यंत पोहोचत नाही.

टनेल कशापासून वाचवत नाही

टनेल वाटेवरची चोरी थांबवते. टोकाशी बसलेल्या चोराला ते अडवत नाही. घरच्या संगणकात व्हायरस असेल, तर जोडणी होताच त्यालाही कार्यालयाचा रस्ता मिळतो. मुलांच्या गेमसाठी आणि चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी वापरलेला लॅपटॉप कार्यालयाच्या कामाला वापरू नये, यामागचे कारण हे आहे. रिमोट डेस्कटॉपमध्येही कॉपी-पेस्ट आणि घरची ड्राइव्ह जोडण्याची सोय चालू असेल, तर फाईल बाहेर जाऊ शकते. नको असेल तेथे ती बंद ठेवता येते.

पासवर्ड एकटा पुरत नाही. मे २०२१ मध्ये हल्ल्याने ठप्प झालेल्या अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या, पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती. कंपनीला पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली. नोकरी सोडलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करणे आणि प्रत्येक खात्याला दुसरी तपासणी लावणे, हे दोन धडे त्यातून मिळतात.

गेटवेही सॉफ्टवेअरच असते आणि त्यातही दोष निघतात. जानेवारी २०२४ मध्ये इवांटी कंपनीच्या व्हीपीएन यंत्रांतील दोषांवर हल्ले होत असल्याचे उघड झाले, तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने तेथील केंद्र सरकारच्या कार्यालयांना ती यंत्रे जाळ्यातून काढण्याचा आदेश दिला. गेटवेची अपडेट लांबणीवर टाकू नयेत.

नियम आणि कायदा

भारतात कॉल सेंटर आणि तत्सम कंपन्यांना घरून काम देण्यावर दूरसंचार विभागाच्या बऱ्याच अटी होत्या. १३ मार्च २०२० रोजी त्या तात्पुरत्या सैल केल्या गेल्या. ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी घरून आणि कोठूनही काम करण्याला कायमची मोकळीक दिली.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने सायबर सुरक्षेचे निर्देश काढले. सर्वसामान्यांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी, ही त्यातली अट गाजली. कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या व्हीपीएनला ती लागू नाही, असे सर्ट-इनने नंतर स्पष्ट केले. सायबर हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत देण्याचे बंधन मात्र अशा कंपन्यांनाही आहे.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा जाळ्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ चा भंग ठरतो. ते अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सहकाऱ्याच्या लॉगिनने फाईल उघडणे हे ‘आपल्याच कार्यालयातले’ म्हणून निर्धोक ठरत नाही. फाईलींत ग्राहकांची किंवा रुग्णांची वैयक्तिक माहिती असेल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही संबंध येतो. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

व्हीपीएन केव्हा लागत नाही

वेब पोर्टलवर चालणाऱ्या कामाला व्हीपीएन लागेलच असे नाही. ग्रामपंचायतींच्या हिशेबासाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेले ई-ग्रामस्वराज साध्या ब्राउझरमध्ये उघडते. याउलट शासकीय फाईलींची ई-ऑफिस यंत्रणा सरकारच्या अंतर्गत जाळ्यात असेल, तर बाहेरून तिच्यापर्यंत जाण्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, व्हीपीएन सेवा वापरली जाते. क्लाउडवर ठेवलेल्या फाईलींनाही स्वतंत्र टनेल लागत नाही, कारण ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवाद सांकेतिक लिपीतच असतो.

मोठ्या कंपन्यांत आता आणखी एक विचार रुजतो आहे. आत आला तो विश्वासू, हे गृहीतकच सोडून द्यायचे आणि प्रत्येक फाईल किंवा प्रोग्राम उघडताना माणूस आणि त्याचे यंत्र या दोघांची नव्याने तपासणी करायची. गुगलने २०१४ मध्ये बियाँडकॉर्प या नावाने आपली अशी मांडणी जाहीर केली आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणसंस्थेने ‘झिरो ट्रस्ट’ची रूपरेषा प्रसिद्ध केली. तिथे कर्मचाऱ्याला पूर्ण जाळे न मिळता फक्त त्याच्या कामाचा प्रोग्राम मिळतो. परंतु ज्या कार्यालयाच्या फाईली आजही आतल्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये आहेत, त्यांच्यासाठी नीट मांडलेले व्हीपीएन, स्वतंत्र खाती, दुसरी तपासणी आणि फाईलच्या स्वभावाप्रमाणे निवडलेली रीत एवढे पुरेसे आणि परवडणारे आहे.